बारावी गणित : सरावाचं नेमकं लिहा, 'मन लावून करा' नको

मये_तळी (धागाकर्ता)
हायर सेकंडरीच्या गणितावर इथे आधी झालेले धागे चाळले. 'रोज दोन तास बसा', 'मोबाइल लांब ठेवा', बस्स. त्याने अर्धा मार्कही वाढत नाही. या धाग्यात एवढंच लिहूया: कुठल्या प्रकारच्या उदाहरणात गाडी कोणत्या ओळीवर अडते, का अडते आणि ती जागा पक्की करायला वहीत काय करायचं.

पुस्तक एनसीईआरटीचं. दोन भाग, तेरा प्रकरणं. पहिल्या भागात सहा, दुसऱ्यात सात. तुळशीचं लग्न झालं की पेपरला जेमतेम तीनेक महिने उरतात, त्या हिशेबाने लिहा.

रोमन अक्षरं इथे मोबाइलवर आडवीतिडवी दिसतात म्हणून चलांना क्ष, य, झ म्हणूया आणि डीक्ष, डीय असं लिहूया. लॉग म्हणजे नैसर्गिक लॉग. वहीत अर्थात नेहमीचीच अक्षरं.

डिचोली_टीचर
पहिली गडबड वहीतच असते. सोडवलेलं उदाहरण वाचलं, पटलं, की मुलं त्यावर बरोबरची खूण करून पुढे जातात. तो सराव झालाच नाही, ते वाचन झालं. सोडवलेल्या उदाहरणावर कोरा कागद ठेवायचा. प्रश्न वाचून पहिली ओळ स्वतः लिहायची, मग कागद एक ओळ खाली सरकवून पडताळायचं. आपली ओळ वेगळी निघाली तर थांबून दोन्ही बरोबर आहेत का ते बघायचं, बऱ्याचदा असतात.

चूक झालेलं उदाहरण खोडरबराने पुसू नका. जिथे घसरलं त्या ओळीखाली तांबडी रेघ मारा आणि समासात एकच शब्द: 'चिन्ह', 'सूत्र', 'सुचलं नाही', 'वाचलं नाही'. तेच उदाहरण तीन दिवसांनी कोऱ्या पानावर, मग दहा दिवसांनी परत. पंधरवड्याने समासातले शब्द मोजा. 'चिन्ह' जास्त असेल तर नवीन उदाहरणांचा ढीग उपसून काही होणार नाही, ओळी वगळून लिहायची सवय मोडावी लागेल. 'सुचलं नाही' जास्त असेल तर मात्र जास्त प्रकार बघायला हवेत. दोघांना औषध वेगळं.

कुंभारजुवे_होडी
टीचर, एक भर. प्रकरणाच्या शेवटचा स्वाध्याय सोडवताना पद्धत आधीच ठाऊक असते, कारण वर मथळाच असतो. पेपरात मथळा नसतो. म्हणून उदाहरणांचे फक्त क्रमांक चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकायचे (प्रकरण ७, स्वाध्याय अमुक, प्रश्न तमुक), आणि रोज सहा चिठ्ठ्या काढायच्या. पहिल्या आठवड्यात जीव मेटाकुटीला येतो. येऊ दे.

पेडणे_पाढा
मॅट्रिक्सने तीन समीकरणं सोडवायचं उदाहरण जवळपास हमखास येतं आणि त्यात फुकट मार्क जातात. एक घडीव उदाहरण देतो, त्यात सापळा आहे.

क्ष + य + झ = ६
क्ष + २य + ३झ = १४
क्ष + ४य + ९झ = ३६

डिटरमिनंट २ येतो. कोफॅक्टर ओळीने: (६, −६, २), (−५, ८, −३), (१, −२, १). आता यांचा ट्रान्सपोज घेतला (ओळींचे स्तंभ केले) की ॲडजॉइंट: (६, −५, १), (−६, ८, −२), (२, −३, १). त्याला उजव्या बाजूच्या ६, १४, ३६ ने गुणून २ ने भागा. क्ष = (३६ − ७० + ३६)/२ = १, तसंच य = २, झ = ३.

ट्रान्सपोज घ्यायचा विसरलात तर उत्तर येतं १२, −१३, ७. आणि गंमत बघा: पहिल्या समीकरणात टाका, १२ − १३ + ७ = ६. जुळलं! मुलगा खूश होऊन पुढच्या प्रश्नाला लागतो. दुसऱ्यात टाकलं असतं तर १२ − २६ + २१ = ७, चौदा नव्हे. ताळा तिन्ही समीकरणांत घ्यायचा, निदान ज्याचे सहगुणक सगळे १ आहेत त्यावर विसंबायचं नाही.

दुसरी खात्री अजून स्वस्त: मूळ मॅट्रिक्सची दुसरी ओळ गुणिले ॲडजॉइंटचा दुसरा स्तंभ (सगळे १ असलेली पहिली ओळ इथेही फसवते). −५ + १६ − ९ = २, म्हणजे डिटरमिनंट आला पाहिजे. मग तीच ओळ गुणिले पहिला स्तंभ, ६ − १२ + ६ = ०. पंधरा सेकंदांचं काम, आणि चूक उजव्या बाजूने गुणायच्या आधीच सापडते.

नार्वे_०७
माझा एक प्रश्न. ० ते पाय या मर्यादांत ∫ डीक्ष / (१ + साइन²क्ष). वर-खाली कॉस² ने भागलं, टॅन क्ष = ट घेतलं. खालची मर्यादा टॅन ० = ०, वरची टॅन पाय = ०. म्हणजे उत्तर शून्य? पण आतली राशी तर कायम धन आहे.

डिचोली_टीचर
शंका अगदी बरोबर आली. धन राशीचं इंटिग्रल शून्य येऊच शकत नाही, म्हणजे मधे कुठेतरी पूल तुटलाय. तो पाय/२ वर तुटलाय: तिथे टॅन आहेच कुठे? ट ० पासून अनंताकडे जातो आणि तिथून उडी मारून उणे अनंताकडून परत येतो. सब्स्टिट्यूशनसाठी पूर्ण पट्ट्यात अखंड असलेलं फंक्शन लागतं.

दुरुस्ती: आधी साइन² ची सममिती वापरा. ० ते पाय = २ गुणिले (० ते पाय/२). आता टॅन क्ष = ट घेतलं की ट ० ते अनंत, सरळ वर चढत जातो. आतलं होतं डीट / (१ + २ट²). त्याचं इंटिग्रल (१/√२) टॅन इन्व्हर्स (√२ ट), मर्यादा घातल्यावर (१/√२)(पाय/२). दोनने गुणा: पाय/√२.

सराव असा करा: डेफिनिट इंटिग्रलमध्ये नवं चल घेतलंत की नव्या मर्यादा लिहायच्या आधी समासात लिहा 'मधे तुटतं का?' टॅन, सेक आणि १/क्ष या तिघांना हा प्रश्न दर वेळी विचारायचा.

कुंभारजुवे_होडी
आणि ढोबळ अंदाज. १ / (१ + साइन²) हे १/२ आणि १ च्या मधे राहतं, पट्टा पाय लांबीचा, म्हणजे उत्तर १.५७ आणि ३.१४ च्या मधेच. पाय/√२ म्हणजे सुमारे २.२२. बसलं. हा अंदाज आधी लिहून ठेवायला वीस सेकंद लागतात.

वाळपई_वही
त्याच घराण्यातलं दुसरं: ० ते पाय/२, ∫ लॉग(साइन क्ष) डीक्ष. उत्तर −(पाय/२) लॉग २ हे सगळ्यांना पाठ असतं, पण मधली ओळ विचारली की बोंब.

समजा किंमत आय. क्ष च्या जागी पाय/२ − क्ष घातलं की आय = ∫ लॉग(कॉस क्ष). बेरीज: २आय = ∫ लॉग(साइन २क्ष / २) = ∫ लॉग(साइन २क्ष) − (पाय/२) लॉग २. इथवर सगळे येतात. आता २क्ष = ट घेताना दोन गोष्टी एकत्र बदलतात: डीक्ष चं डीट/२ होतं आणि वरची मर्यादा पाय/२ ची पाय होते. मुलं यातली एकच बदलतात. दोन्ही बदलल्यावर मिळतं (१/२) गुणिले ० ते पाय लॉग(साइन ट), आणि सममितीने तेच पुन्हा आय. मग २आय = आय − (पाय/२) लॉग २.

ही ओळ 'सममितीने' असा एक शब्द टाकून सोडू नका. साइन(पाय − ट) = साइन ट हे लिहा. त्या ओळीला मार्क असतो, तो का सोडायचा?

शिवोली_शिंपला
एवढं खोलात जाऊन एकेक उदाहरण घासण्यापेक्षा दोनशे उदाहरणं झरझर केली तर जास्त फायदा होत नाही का? संख्या पण लागतेच की.

पेडणे_पाढा
शिंपला, संख्या लागते, पण कशाची? डिफरन्शिएशनची संख्या लागते, तिथे हात बसायलाच हवा. चेन रूल, प्रॉडक्ट, लॉग घेऊन केलेलं, सगळं मिळून रोज दहा, घड्याळ लावून. इंटिग्रेशनमध्ये दोनशे केली आणि त्यातली दीडशे 'सूत्रात घाल, उत्तर काढ' अशी असली तर पेपरातलं वेगळं रूप दिसलं की हात थबकतो.

तिथे उलटा सराव बरा: पन्नास इंटिग्रल घ्या आणि सोडवू नका. प्रत्येकासमोर फक्त पहिली चाल लिहा, 'सब्स्टिट्यूशन, ट = हे', 'पार्शल फ्रॅक्शन', 'पार्ट्‌स, पहिलं लॉग'. अर्ध्या तासात पन्नास होतात. मग मागच्या उत्तरांशी ताडून बघा. ज्यांची पहिली चालच चुकली तीच फक्त पूर्ण सोडवायची.

डिचोली_टीचर
हे आवडलं. वर्गात फळ्यावर घेण्यासारखं आहे.

फोंडे_बाय
प्रोबॅबिलिटीत बेज थिअरमच्या उदाहरणात सूत्र लिहितात बरोबर आणि आत घालतात उलटं. 'मशीन तीनचं पाकीट खराब असण्याची शक्यता' आणि 'खराब पाकीट मशीन तीनचं असण्याची शक्यता' या दोन वेगळ्या वस्तू. इंग्रजीत प्रश्न वाचताना 'गिव्हन दॅट' कुठे आहे त्याखाली रेघ मारा. त्याच्यापुढचं जे, ते घडून गेलंय. चौथीपर्यंत मराठीत शिकून आलेल्या मुलांची गाडी इथे गणितात अडत नाही, वाक्यात अडते.

काजूच्या कारखान्यात तीन पॅकिंग मशीन. एकूण मालाच्या ५०, ३० आणि २० टक्के. खराब निघणारी पाकिटं अनुक्रमे २, ३ आणि ५ टक्के. एक पाकीट खराब निघालं, ते तिसऱ्या मशीनचं असण्याची शक्यता?

सूत्राच्या आधी १००० पाकिटं धरा. ५००, ३००, २००. त्यांतली खराब १०, ९, १०. एकूण खराब २९, त्यात तिसऱ्याची १०. उत्तर १०/२९. आता सूत्राने करा आणि जुळतंय का बघा. पेपरात सूत्रच मांडायचं, पण कच्च्या पानावरचे हजार पाकिटांचे चार आकडे चूक होऊ देत नाहीत. बघा, सगळ्यात कमी माल देणारं मशीन पहिल्या मशीनइतकीच खराब पाकिटं देतंय.

नार्वे_०७
बाय, हे एकदम डोक्यात बसलं. देव बरें करूं.

मये_तळी
इन्व्हर्स ट्रिगवर कोणी लिहिलं नाही. तिथली एकच चूक लिहितो, कारण तीच सारखी होते. टॅन इन्व्हर्स २ + टॅन इन्व्हर्स ३. सूत्रात घातलं की (२ + ३)/(१ − ६) = −१, आणि लिहितात −पाय/४. अहो, दोन्ही कोन पाय/४ पेक्षा मोठे, बेरीज पाय/२ च्या वर जायलाच हवी, ती उणे कशी? सूत्राची अट आहे: गुणाकार १ पेक्षा कमी. इथे ६ आहे, दोन्ही धन, म्हणून पाय मिळवायचा: ३पाय/४. सूत्र पाठ करताना अटीसकट पाठ करा. अट नसलेलं सूत्र म्हणजे ब्रेक नसलेली स्कूटर आणि समोर अनमोडचा घाट.

शिवोली_शिंपला
लिनिअर प्रोग्रॅमिंगचं सोपं म्हणून कोणी बघत नाही, तर मी लिहितो. झेड = २क्ष + ३य कमीत कमी करा; क्ष + य कमीत कमी ४, क्ष + ३य कमीत कमी ६, क्ष आणि य ऋण नाहीत. कोपरे (६, ०), (३, १), (०, ४). झेड १२, ९, १२. उत्तर ९, (३, १) वर.

इथेच पेन खाली ठेवतात. पण हा प्रदेश वरच्या बाजूला उघडा आहे. उघड्या प्रदेशात किमान मूल्य खरंच आहे हे दाखवायला २क्ष + ३य = ९ ही तुटक रेघ काढायची आणि २क्ष + ३य < ९ हा भाग आपल्या प्रदेशाला शिवत नाही असं एक वाक्य लिहायचं. रेघ (३, १) ला फक्त टेकते. हे वाक्य नसेल तर उत्तर बरोबर असूनही अपुरं.

आलेखाचा कागद घेऊन सराव करा, कोऱ्या वहीवर नको. दोन्ही अक्षांवर १ सेंमी = १ एकक घेतलं तर हे उदाहरण सात सेंमीत मावतं. छेदनबिंदू आलेखावरून वाचून लिहू नका, समीकरणं सोडवून काढा, रेघ मिलिमीटरभर सरकली तर (३, १) चं (३.१, ०.९) होतं.

वाळपई_वही
जुनी गाइडं वापरणाऱ्यांसाठी: ३डी मधलं प्रतल, टॅन्जंट-नॉर्मल, दोन वक्रांमधलं क्षेत्रफळ, बायनोमियल डिस्ट्रिब्यूशन, हे पुस्तकाच्या कमी केलेल्या आवृत्तीत नाही. घरात थोरल्या भावंडाचं गाइड असेल तर ती पानं आधीच पेन्सिलने काटून टाका, नाहीतर जानेवारीत त्यावर आठवडा जातो. जेईईची यादी वेगळी, ती वेगळ्या कागदावर काढा.

वेळेचं गणितही आत्ताच करून ठेवा. आपल्या वर्षाची पेपरची रचना घ्या. समजा तीन तास आणि ८० मार्क असतील तर मार्काला सव्वादोन मिनिटं, म्हणजे चार मार्कांच्या उदाहरणाला नऊ. घरी सराव करताना प्रत्येक उदाहरणाशेजारी लागलेली मिनिटं लिहा. बारा मिनिटं लागलेलं बरोबर उदाहरण पुन्हा डब्यात टाकायचं.

कुंभारजुवे_होडी
डिफरन्शियल इक्वेशनसाठी आपल्या मातीतलं एक उदाहरण देतो, पुस्तकात नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७, गोव्यातलं कोसबे. लोक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतात, मूळ माणूस गणिताचा. जनुकशास्त्रात त्यांच्या नावाचं एक सूत्र आजही वापरतात: क्रोमोसोमवर दोन जनुकांमधलं अंतर, त्यांच्यात होणाऱ्या अदलाबदलीच्या प्रमाणावरून काढायचं. ते ज्या समीकरणातून येतं ते बारावीच्या पोराला सुटण्यासारखं आहे.

अंतर म, अदलाबदलीचं प्रमाण र. डीर/डीम = १ − ४र². म = ० असताना र = ०. र नेहमी १/२ पेक्षा कमी. म काढा.

नार्वे_०७
करून बघितलं. चलं वेगळी केली: डीर / (१ − ४र²) = डीम. पार्शल फ्रॅक्शन: १ / ((१ − २र)(१ + २र)) = (१/२)[१/(१ − २र) + १/(१ + २र)]. मग म = (१/२)[लॉग(१ − २र) + लॉग(१ + २र)], म्हणजे (१/२) लॉग(१ − ४र²). म = ०, र = ० घातलं तर स्थिरांक शून्य. बरोबर?

पेडणे_पाढा
पार्शल फ्रॅक्शन बरोबर. पुढची ओळ बघ. र = ०.२ घालून बघ म किती येतो ते.

नार्वे_०७
(१/२) लॉग ०.८४ = सुमारे −०.०८७. अंतर उणे?!

पेडणे_पाढा
सापडलं ना? १/(१ − २र) चं इंटिग्रल −(१/२) लॉग(१ − २र). आतला सहगुणक −२, त्याने भागायचं राहिलं. दुसऱ्या पदातही २ ने भागायचं राहिलंय, पण ते चिन्ह बिघडवत नाही म्हणून डोळ्यांवर येत नाही. आणि स्थिरांक शून्य आला म्हणून निश्चिंत झालास. तो चुकीच्या ओळीवरूनही शून्यच येतो.

नार्वे_०७
म = (१/४) लॉग[(१ + २र)/(१ − २र)]. र = ०.२ ला (१/४) लॉग(१.४/०.६) = सुमारे ०.२१२.

कुंभारजुवे_होडी
हेच कोसंबींचं सूत्र. आता र = ०.४ आणि ०.४९ घालून बघ, म कसा पळतो ते. आणि समासात शब्द लिही: 'चिन्ह' नव्हे, 'आतला सहगुणक'. टीचरच्या यादीत हा पाचवा शब्द घालायला हवा.

डिचोली_टीचर
घातला. नार्वे, तीन दिवसांनी कोऱ्या पानावर परत, आणि या वेळी र ऐवजी क्ष घेऊन ∫ डीक्ष / (९ − ४क्ष²) कर. सूत्र न वापरता.